गुरीन टी

जपानीत चहाला 'चा' म्हणतात. आदराने म्हणायचं तर 'ओचा'. मी सांगलीकडची. आमच्या शेजारच्या आक्का आजही कुंपणावरून विचारतात, "चा घेणार का गं?" त्यामुळे 2017 च्या जूनमध्ये मी उजीला राहायला गेले आणि घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी "ओचा?" असं विचारलं, तेव्हा जपानमध्ये उतरल्यापासून पहिल्यांदा एक अख्खा प्रश्न मला कळला. दोन्हीकडचा शब्द एकाच चिनी मुळातून आलाय, हे नंतर समजलं. त्या दिवशी फक्त बरं वाटलं.

घरमालकिणीला तिकडे 'ओयासान' म्हणतात. मीही तेच म्हणायचे, नावाने कधीच हाक मारली नाही. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, पाठीत किंचित वाकलेल्या. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्या. क्योतो विद्यापीठाचं उजी संकुल ओबाकू स्टेशनजवळ आहे, तिथे मी लाकडावरच्या संशोधनासाठी आले होते. उजी क्योतोच्या दक्षिणेला, नदीकाठी. दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ छापलंय ते ब्योदोइन इथलंच. स्टेशनकडून देवळाकडे चालत निघालं की रस्ताभर चहा भाजल्याचा खमंग वास येतो. तो होजिचाचा. माचाला, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीला, असा वास नसतो. त्याचा वास ओलसर, थोडा समुद्राच्या शेवाळासारखा, आणि तो डबा उघडून नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही.

तिकडच्या जूनमध्ये पावसाळा असतो. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता लोंबकळत राहतो आणि अंगाला चिकटतो. अशाच एका दुपारी मी भिजून आले, तर ओयासाननी मला ओट्यावर बसवलं आणि काचेचा उंच पेला समोर ठेवला. आत गर्द हिरवं काहीतरी, वर बर्फ. मी मनाची तयारी केली. कडू असणार, आणि मला "ओईशी देसु", म्हणजे छान आहे, म्हणत संपवावं लागणार. पहिला घोट घेतला आणि तो गोड निघाला. सरळ, उघड, भरपूर गोड. कडवटपणा होता, पण तो गोडाच्या मागून येत होता आणि आल्यावर जिभेच्या कडांना रेंगाळत होता.

हे काय आहे, विचारलं. "गुरीन टी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, परदेशी मुलीला कळावं म्हणून बाईंनी इंग्रजीत सांगितलं. ते तसं नव्हतं, हे समजायला मला दीड वर्ष लागलं आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली. जपानमध्ये रोजच्या हिरव्या पानांच्या चहाला र्योकुचा किंवा सेन्चा म्हणतात. वाडग्यात घुसळून पितात ती माचा. आणि काताकाना लिपीत, म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दांच्या लिपीत, 'गुरीन टी' असं लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा ती साखर घातलेली माचाची पूड असते. थंड पाण्यात घालून उन्हाळ्यात प्यायची. क्योतो-ओसाकाकडे तर गुरीन टी म्हटलं की हेच. शिझुओकाकडे याला 'उसुचातो' म्हणतात, म्हणजे पातळ चहाची साखर. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

त्या उन्हाळ्यात मी ओयासानच्या हाताकडे बघत बघत ते करायला शिकले. त्या मोजत नसत, पण मी एकदा प्रयोगशाळेच्या सवयीने मोजलं. तीन चमचे पूड, साधारण 15 ग्रॅम. आधी पाणी ओतायचं नाही. पूड पेल्यात, त्यावर जेमतेम दोन मोठे चमचे साधं पाणी, आणि मग लांब दांड्याच्या चमच्याने पेल्याच्या कडेला दाबत दाबत फिरवायचं. आपण पिठल्याच्या गुठळ्या मोडतो तसं नाही, त्याहून हळू, खलात उगाळल्यासारखं. अर्धा मिनिट. पूड गडद होते, चकाकायला लागते, चमच्यावरून कापडासारखी सरकते. साखरेचा दाणा बोटाला लागेनासा झाला की मग शंभरेक मिली थंड पाणी. बर्फ अगदी शेवटी. बर्फ आधी टाकला तर साखर तळाला बसते, वर कडू पाणी आणि खाली पाक. मी पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा सवयीने उकळतं पाणी ओतलं होतं. वरून ओली, आतून कोरडी अशी गोळ्या-गोळ्यांची पेज झाली. ओयासाननी तो पेला उचलला, गाळण्यातून गाळला, गाळण्यात उरलेल्या गोळ्या चमच्याच्या पाठीने चोळून पुन्हा खाली उतरवल्या आणि मला प्यायला दिलं. टाकलं नाही. माचा कुणी टाकत नाही.

का टाकत नाहीत, हे मे महिन्यात चहाच्या मळ्यांकडे गेल्यावर कळलं. तिकडे वसंताच्या आरंभापासून 88 वी रात्र मोजतात, ती मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला येते, आणि तिच्या आसपास पहिली खुडणी. पण माचाच्या झाडांना खुडणीच्या आधी वीसेक दिवस, कधी त्याहून जास्त, सावलीत ठेवतात. आता बहुतेक मळ्यांवर काळ्या जाळ्या असतात; जुन्या पद्धतीत बोरूचे पडदे आणि वर भाताचा पेंढा. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते पानात चढतं. ऊन लागलं की पान त्याचं कॅटेचिन करतं, म्हणजे तुरटपणा. ऊन अडवलं की थिआनिन तसंच राहतं आणि पानाला भरदार, जरा कळणाच्या जवळ जाणारी चव येते. शिवाय कमी उजेडात तगायला पान जास्त हरितद्रव्य करतं. तो डोळ्यांत भरणारा हिरवा रंग म्हणजे उजेडासाठी धडपडलेल्या पानाचा रंग.

खुडलेलं पान लगेच वाफवतात, म्हणजे ते काळवंडत नाही. मग न वळता, न चुरगळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. राहतं ते तेन्चा. ते दगडी जात्यात दळलं की माचा. जातं आपल्या जात्यासारखंच, दोन तळ्या, वरच्या तळीला भोक. फक्त फार सावकाश फिरतं, कारण वेगाने फिरलं तर दगड तापतो आणि रंग-वास दोन्ही जातात. एका जात्यातून तासाला साधारण 40 ग्रॅम पूड पडते. एका वाडग्याला 2 ग्रॅम लागतात, म्हणजे जात्याची तीन मिनिटं. माझी आजी जात्यावर दळायची, तिला हा हिशोब सांगितला असता तर तिने ओव्या मोजून बघितल्या असत्या.

गोड पुडीत इतकी उंची माचा घालत नाहीत हे खरं. तिच्यात बहुधा नंतरच्या खुडणीची, जरा तुरट, यंत्रावर दळलेली माचा असते, आणि ते बरोबरच आहे. साखरेपुढे टिकायला तुरटपणा लागतो. मऊ, महागडी माचा साखरेत बुडून जाते. काही लोक गोड पुडीला खोटी माचा म्हणून नाक मुरडतात, आपल्याकडचे तर आता जास्तच. मला ते पटत नाही. माचाच्या वाडग्याशेजारी गोड कायम होतंच. चहाच्या विधीत आधी मिठाई देतात, ती पूर्ण खायची, तोंडात गोड रेंगाळत असताना वाडगं उचलायचं. चहात साखर घालत नाहीत, पण जिभेवर ठेवतात. गुरीन टीमध्ये तेच गोड पेल्यात उतरलं. विधीतला गुडघे दुखवणारा भाग गेला आणि शाळेतून आलेल्या पोरांना तो पेला मिळाला. ओयासानची नातवंडं ऑगस्टमध्ये यायची तेव्हा स्वयंपाकघरात चमचे वाजायचे ते याचेच.

दोन्ही वस्तू जपानमध्ये औषध म्हणून आल्या, ही गोष्ट मला फार आवडते. साखरेची नोंद 756 साली नारामधल्या तोदाइ-जी देवळाला वाहिलेल्या औषधांच्या यादीत आहे. चहाचं बी एइसाइ नावाच्या झेन भिक्षूने 1191 मध्ये चीनहून परतताना आणलं असं मानतात. पूड करून घुसळून प्यायची रीतही त्या काळच्या चीनचीच. तिथे ती पुढे मागे पडली, जपानने ठेवली. एइसाइने 1211 मध्ये चहाच्या गुणांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. 1214 मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, सानेतोमोला रात्रीच्या मद्यपानाचा त्रास झाला, तेव्हा एइसाइने त्याला चहा पाजला आणि ग्रंथही दिला. त्याचं म्हणणं असं की पाच अवयवांना पाच चवी लागतात, हृदयाला कडू लागतं, आणि जपानी माणसं कडू खातच नाहीत, म्हणून त्यांचं हृदय दुबळं. हे वाचलं तेव्हा मला पाडव्याची सकाळ आठवली. कडुनिंबाची कोवळी पानं, त्यात हरभऱ्याची भिजवलेली डाळ, हिंग, जिरं आणि गूळ. आमची आई म्हणायची, कडू पोटात जायला हवं, गूळ फक्त ते पोचवायला.

आता बाबांबद्दल.

बाबा साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होते. सगळी नोकरी तिथेच. घरात साखर आली की डबा भरायच्या आधी ते चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरत. "ही एस-थर्टी. ही एम-थर्टी म्हणून दिलीय, पण नाही." कारखान्यात दाण्याच्या आकाराप्रमाणे प्रत ठरते, आणि बाबांच्या बोटांना ती न चाळता कळायची. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यांना मधुमेह निघाला. त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा. एकदाही तक्रार नाही, पण कपाकडे न बघता प्यायचे.

2018 च्या डिसेंबरमध्ये मी सुट्टीला घरी आले. येताना दुकानातून चार मोठ्या पुड्या घेतल्या. पाकिटावर हिरवागार पेला आणि ठळक काताकानात 'गुरीन टी'. मला तोवर ती अक्षरं वाचता येत होती, आणि तिथेच चूक झाली. वाचता आलं म्हणून समजलं असं वाटलं. ओयासानच्या पेल्यातली पूड डब्यातून यायची, तिचं पाकीट मी कधी बघितलं नव्हतं. आणि आपल्याकडे ग्रीन टी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक: बिनसाखरेचा, वजन उतरवणारा, डॉक्टरांनी सांगितलेला. मी पुड्या बाबांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "बाबा, हा तुमच्यासाठी. रोज सकाळी घेत जा." पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची ओळ होती. जपानमध्ये घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिली दोन चित्राक्षरं होती 'सातो'. साखर. ती मी पाहिलीच नाही. चारच दिवस राहून मी पुण्याला कामाला गेले आणि तिथूनच परतले.

सात आठवड्यांनी आईचा फोन आला. बाबांची उपाशीपोटीची साखर 132 वरून 188 वर गेली होती. डॉक्टरांनी सगळं विचारलं, पथ्य मोडलं का, भात वाढला का. काहीच नव्हतं. "तुझा तो जपानी चहा तेवढा घेतात सकाळी, कोमट पाण्यात," आई म्हणाली, "पण तो तर चांगलाच असतो ना?" मी तिला पाकिटाचा मागचा फोटो पाठवायला सांगितला. फोन हातात धरून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसले. फोटो आला आणि पहिली दोन अक्षरं दिसली.

संध्याकाळी बाबांशी बोलले. मी रडत होते बहुतेक. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं, मी वाचलं नाही. पण तुम्हाला गोड लागलं नाही का? तुम्ही तरी कसं..." पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "अगं, दाणा मी पहिल्याच दिवशी ओळखला. बोटात चोळून बघितला. आपल्या एस-थर्टीहून बारीक, पण साखरच."

"मग घेतलंत का?"

"तू आणला होतास," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आणि सहा वर्षांनी कुणीतरी गोड औषध म्हणून दिलं होतं."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली, बाबांची साखर पुन्हा ताळ्यावर आली, डोळे-मूत्रपिंडं ठीक आहेत, म्हणून आता लिहू शकते. पण हिरव्या रंगाच्या, पानाचं चित्र असलेल्या, 'माचा मिक्स' किंवा 'लाते पावडर' असं छापलेल्या पुड्या आता पुण्या-मुंबईत सर्रास मिळतात, आणि लोक आईवडलांना आरोग्यासाठी म्हणून नेऊन देतात. कृपा करून मागची ओळ वाचा. पहिला शब्द साखर असेल तर ते सरबत आहे. सरबत म्हणून ते सुरेख आहे. पन्ह्याच्या, कोकमाच्या पंक्तीत बसवा, पाहुण्यांना द्या, पण औषधाच्या कपाटात ठेवू नका. आणि साधी माचासुद्धा सगळ्यांनी डोळे मिटून घ्यायची वस्तू नाही. पान गाळून टाकत नाही, अख्खं पोटात जातं, त्यामुळे त्यातलं के जीवनसत्त्वही जातं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. 2 ग्रॅममध्ये साठेक मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे रात्री जेवल्यावर नकोच.

2020 च्या फेब्रुवारीत मी कायमची परत आले. निघताना ओयासाननी दोन गोष्टी दिल्या. एक चासेन, नारा प्रांतातल्या ताकायामाचा, बांबूच्या एकाच तुकड्यातून चिरून काढलेला घुसळणा, शंभर काड्यांचा. लाकूड-बांबूत काम करणारी मी, पण इतक्या बारीक चिरलेल्या काड्या मुळाशी अखंड कशा राहतात हे बघत बराच वेळ तो हातात फिरवत बसले होते. दुसरी गोष्ट म्हणजे छोटा डबा, साध्या माचाचा. बाबांचं त्यांना मी सांगितलं होतं. डब्यावर त्यांनी कागद चिकटवला होता, त्यावर थरथरत्या हाताने रोमन लिपीत, मला वाचता यावं म्हणून, 'सातो नाशी'. साखर नाही.

घरी आल्यावर बाबांना त्याची माचा करून दिली. एक सपाट छोटा चमचा पूड चहाच्या गाळण्यातून चाळून वाडग्यात, म्हणजे गुठळ्या आधीच मोडतात. पाणी उकळून दुसऱ्या भांड्यात ओतून जरा निवू द्यायचं, 80 अंशांच्या आसपास, मग सत्तर मिली. चासेन तळाला न टेकवता मनगटातून पुढे-मागे, पुढे-मागे. आईने बघितलं आणि ताकाची रवी घेऊन आली. रवी दोन तळव्यांत गोल फिरते, तिने फेस आला पण मोठ्या बुडबुड्यांचा. चासेनचा फेस साबुदाण्याहून बारीक, जवळजवळ साय. आईने तिचा निकाल दिला: "ताकाला रवी, याला हे." बाबांनी घोट घेतला, डोळे बारीक केले. "पाडव्याचा कडुनिंब," म्हणाले. आणि संपवला.

गोड पुडी आता आम्ही घरीच करतो, आईसाठी. 10 ग्रॅम माचा, 60 ग्रॅम साखर. 15 ग्रॅम मिश्रणात मग बरोबर दोनेक ग्रॅम माचा येते. साखर पिठासारखी दळायची नाही. पिठीसाखर सांगलीच्या पावसाळ्यात दोन दिवसांत दगड होते, शिवाय ती माचाच्या गुठळ्या मोडू शकत नाही. दाणा थोडा राहू द्यायचा, बारीक रव्याइतका, म्हणजे कालवताना तोच गुठळ्या घासून काढतो. मिक्सर तापतो, म्हणून साखर एकटीच फिरवायची, ताटात पूर्ण गार होऊ द्यायची, मग माचाबरोबर दोनदा चाळायची. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात. माचाचा मूळ डबा फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर तासभर तसाच राहू द्या. गार डबा लगेच उघडला की आतल्या पुडीवर दव धरतं आणि आठवड्यात हिरव्याचा शेवाळी पिवळा होतो. आई तिचा पेला पाण्याऐवजी गार दुधात करते. ओयासानना ते पटलं नसतं. मला पटतं.

साखर फिरवायचं काम बाबांचं. आई मिक्सरचं बटण धरते, ते मोजून सांगतात, "बास." मग झाकण काढून चिमूट तळहातावर घेतात, खिडकीशी जातात, उजेडात धरतात, दुसऱ्या हाताच्या बोटाने पसरतात. चाखत नाहीत.

"अजून एकदा फिरव," म्हणतात. "जाड आहे."

आई पुन्हा फिरवते. ते पुन्हा खिडकीशी जातात.

"जमला दाणा," म्हणतात, आणि हात धुवायला मोरीकडे वळतात.